मत्स्यपेटीतील दगडाची पारख

सराफाच्या पेढीवर काळ्या दगडावर सोने पारखले जाते. घरातील मत्स्यपेटीत ठेवायच्या दगडाची मात्र त्याचीच पारख करावी लागते, आणि ती फारच थोड्या घरांत होते. मासे पाळावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा विचार. पण पेटी आणली की तिच्यातील जिवांचा भार घरावर आलाच.

अमरावती-अकोल्याच्या भूमीखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट आहे. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि नारिंगी मासा त्याच्यापुढे खुलून दिसतो. पेच आहे तो पांढऱ्या दगडाचा. याच खडकाच्या पोकळ्यांत चुन्याचे स्फटिक आढळतात. पूर्णेकाठच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. दिसायला देखणे, परंतु पेटीत हळूहळू विरघळून ते पाणी जड करतात. खारपाणपट्ट्यातील भूजल मुळातच क्षारयुक्त, त्यात ही भर! गप्पी ते सोसतो. निऑन टेट्राला मृदू पाणीच मानवते.

कोरड्या दगडावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. फेस आला तर तो दगड बागेत शोभेल, पेटीत नव्हे. नदीतील दगड तिथेच वाहत्या पाण्यात धुवावा, म्हणजे त्याला चिकटलेले जीव आपल्या ठिकाणी राहतात. दगड उकळू नये. आत ओल असल्यास तो फुटू शकतो. जड दगड आधी तळाशी स्थिर बसवून मगच वाळू पसरावी, कारण मासे वाळू उकरतात आणि दगड कलंडतो.