आमचें गाण्याचें यंत्र

२०२३ सालच्या जून महिन्यांत आम्ही नोकरींतून निवृत्त झालों. त्या दिवशीं संध्याकाळीं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचें एक घड्याळ घेऊन घरीं परतलों, तेव्हां आमच्या उरलेल्या आयुष्याची वांटणी मंडळींनीं आधींच करून ठेवलेली होती. सौ.च्या मनांत चारधाम होतें. चिरंजीवांच्या मतें आम्हीं रोज सकाळीं पर्वती चढावी. धाकट्या नातवाला शाळेंत पोंचविण्याचें काम तर कोणीं बोलून दाखविलेंहि नाहीं. तें आपोआपच आमच्याकडे आलें. आम्हीं सर्वांना होकार दिला. मात्र कपाटाच्या खालच्या खणांत एक जुनी चोपडी होती, तिच्याविषयीं आम्ही कोणाशीं बोललों नव्हतों.

या चोपडीचा उगम आमच्या दादांपाशीं आहे. दादा आमच्याहून बारा वर्षांनीं वडील. नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीला, म्हणजे १९७४ सालीं, त्यांनीं पेटीसारखा एक रेकॉर्ड प्लेअर घरीं आणला आणि त्याच्याबरोबर एकच तबकडी आणली. अमीरखाँसाहेबांची, एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. खाँसाहेब त्याच वर्षीं फेब्रुवारींत कलकत्त्यास मोटारीच्या अपघातांत वारले होते. तबकडी १९६० सालची. पण आमच्या घरीं ती एखाद्या नुकत्याच गेलेल्या माणसाच्या पत्रासारखी आली. आम्ही तेव्हां अकरा वर्षांचे होतों. रात्रीं जेवणें आटोपलीं, बायकांची मागची आवराआवर झाली, कीं दादा दिवा मालवीत आणि दरबारीची बाजू लावीत. गाण्यांतलें आम्हांस कांहींच कळत नव्हतें. परंतु खालच्या सप्तकांत स्वर उतरूं लागला, कीं दादा हळूच एक बोट वर करीत, आणि तें बोट खालीं येईपर्यंत श्वास घ्यावयाचा नाहीं असें आम्हीं आपल्या मनाशीं ठरविलें होतें.

पुढें कॉलेजांत असतां एका धनिक मित्राच्या मुंबईच्या घरीं आम्हीं खरें मोठें यंत्र ऐकलें. तंबोऱ्याच्या चार तारा वेगवेगळ्या ऐकूं येतात, गवई श्वास घेतो तोहि ऐकूं येतो, हें त्या दिवशीं प्रथम समजलें. त्या रात्रीं पुण्याच्या गाडींत बसल्या बसल्या चोपडीचें पहिलें पान लिहिलें गेलें. पुढें चाळीस वर्षें मासिकांतलीं चित्रें कापून आम्ही तींत चिकटवीत आलों. निळ्या काचेमागें कांटे हलणारा मॅकिंटॉशचा अँप्लिफायर, ग्लासगोच्या लिन कंपनीचें टर्नटेबल, आणि सर्वांवर कळस म्हणजे क्लिप्शहॉर्न. पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनियरानें हा स्पीकर १९४६ सालीं काढला. तो माणसाच्या छातीइतका उंच असून मूळ रचनेप्रमाणें खोलीच्या कोपऱ्यांतच ठेवावा लागतो, कारण त्या कोपऱ्याच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग होतो. म्हणजे यंत्र विकत घ्यावयाचें तें अर्धेंच. उरलेलें अर्धें आपल्या घराचें! ही कल्पना आम्हांस इतकी आवडली होती, कीं तिच्यापायीं आम्हीं मनांतल्या मनांत दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांचा ताबा केव्हांच घेऊन टाकला होता.

निवृत्तीचा पैसा हातीं आल्यावर आम्हीं सहा लक्ष रुपये वेगळे काढले आणि सौ.ला चोपडी दाखविली. तिनें ती शेवटपर्यंत चाळली. मग म्हणाली, "अहो, एका कोपऱ्यांत देवघर आहे आणि दुसऱ्यांत दादांची आरामखुर्ची. यांतलें काय हलवायचें तें तुम्हीच वहिनींना सांगा."

वहिनींना कोणीं कांहीं सांगितलें नाहीं. क्लिप्शहॉर्नचें पान आम्हीं मुकाट्यानें उलटलें.

त्यानंतर मुंबईस एका बड्या दुकानाची वारी झाली. दुकान कसलें, तें मंदिरच होतें! बूट बाहेर काढावयाचे, गालिचावरून आंत जावयाचें, मंद प्रकाशांत एका खुर्चीवर बसावयाचें. विक्रेता तरुण आणि फारच अदबशीर होता. त्यानें चारशें वॉटचा अँप्लिफायर दाखविला. घरांतल्या खोलींत बेतानें गाणें ऐकतांना बहुधा एखाददुसरा वॉटच खर्च होतो, आणि शक्ति दुप्पट केली तरी आवाज केवळ तीन डेसिबेलनेंच वाढतो; कानाला तो दुप्पट वाटावा तर शक्ति दसपट लागते. हें आम्ही जाणून होतों, तरी मान डोलावली. त्यानें जोडणीच्या तारा दाखविल्या. त्यांची किंमत ऐकून सौ.नें आपल्या हातांतल्या पाटल्यांकडे एकदां पाहिलें. तांब्याची तार पुरेशी जाड असली म्हणजे झालें असें आमचें मत आहे. तें आम्हीं तेथें बोलून दाखविलें नाहीं, याची मात्र अजून चुटपुट लागते. शेवटीं त्यानें सांगितलें, कीं हे स्पीकर चाळीस हजार हर्ट्झपर्यंत वाजतात. तरुणांतल्या तरुण माणसाचा कानहि वीस हजारांच्या पलीकडे जात नाहीं, मग वरचे वीस हजार कोणासाठीं, असें विचारतां तो नम्रपणें हंसला.

पण खरें खटकलें तें दुसरेंच. त्या खोलींत खुर्ची एकच होती. दोन स्पीकर आणि ती खुर्ची मिळून एक त्रिकोण होतो, आणि त्या टोंकावर बसलेल्या माणसालाच गवई समोर मधोमध बसलेला भासतो. सौ. शेजारीं उभी होती. तिला सारें गाणें डाव्या भिंतींतून येत होतें. आमच्या पुण्याच्या घरांत तीन पिढ्यांचीं मिळून नऊ माणसें आहेत. नऊ माणसांच्या घरांत एकाच खुर्चीसाठीं सहा लक्ष रुपये! परतीच्या गाडींत आम्ही फारसें बोललों नाहीं.

याच सुमारास दादांच्या कानांचें प्रकरण निघालें. गेलीं पांच-सहा वर्षें दादा गाण्यापासून दूर झाले होते. कोणी कांहीं लावलें, तर वर्तमानपत्र घेऊन गॅलरींत जाऊन बसत. सवाई गंधर्व महोत्सवाचीं तिकिटें आणलीं तर "यंदा थंडी फार आहे" म्हणत. वय झालें, गोडी उडाली, असा आम्हीं सर्वांनीं समज करून घेतला होता. जेवतांना ते भलतेंच उत्तर देत, तें विनोदावारी नेण्याचीहि घरांत प्रथा पडली होती. एके दिवशीं धाकट्या नातवानें "आजोबा, सात वाजले" म्हणतांच दादा ताट घेऊन उठले, आणि सारे हंसले. दादाहि हंसले. मात्र वहिनी हंसल्या नाहींत. दुपारीं आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमचें यंत्र कधीं यायचें तें येऊं द्या. आधीं यांना कानाच्या डॉक्टरकडे न्या."

आम्ही दादांबरोबर गेलों आणि त्यांना संकोच वाटूं नये म्हणून स्वतःचीहि तपासणी करवून घेतली. एका बंद पेटीसारख्या खोलींत बसवितात, कानाला यंत्र लावतात, आणि स्वर ऐकूं आला कीं बटण दाबावयाचें असतें. अडीचशें हर्ट्झपासून आठ हजारांपर्यंत एकेक स्वर घेतात. आमचा आलेख चार हजारांनंतर उतरणीला लागला होता. "वयाला साजेसें आहे," असें तपासणाऱ्या बाईंनीं सांगितलें. चाळीस हजारांच्या त्या स्पीकरांची आम्हांस तेथेंच आठवण झाली, आणि स्वतःचें हंसूंहि आलें.

दादांचा आलेख मात्र हंसण्यासारखा नव्हता. डावीकडे, खालच्या स्वरांत, तो बऱ्यापैकीं वर होता. दोन हजारांपुढें एकदम कड्यावरून पडावा तसा खालीं गेला होता. वयाबरोबर आधीं वरचे स्वर जातात, असें त्या बाईंनीं समजावून दिलें. त्यांबरोबर 'स', 'श', 'फ' असलीं व्यंजनें जातात. म्हणून शब्द ऐकूं येतो पण उमगत नाहीं, आणि माणसाला वाटतें कीं घरांतले सगळे पुटपुटतात. दादा हें सर्व शांतपणें ऐकत होते. कितपत ऐकूं आलें कोण जाणे. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "अरे, मला वाटलें होतें, तुम्ही लोक माझ्याशीं हळू बोलतां."

दोन्ही कानांना लावावयाचीं उपकरणें घेतलीं. सहा लक्षांतले जवळजवळ दोन लक्ष तेथें गेले. दादा नको म्हणत होते. पण चोपडी ज्यांच्यामुळें सुरू झाली त्यांनीं तिच्यावर हक्क सांगितला तर बिघडलें कोठें, असें आम्हीं त्यांना सुनावलें.

उपकरणांनीं बोलणें चांगलें ऐकूं येऊं लागलें. गाण्याची मात्र निराळीच तऱ्हा झाली. पुतण्यानें मोबाईलला छोटा स्पीकर जोडून दरबारी लावली, तों दादा थोड्या वेळानें कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तंबोरा कोणीतरी गिळतें आहे." पुनः त्या बाईंकडे गेलों. त्यांनीं उलगडा केला, कीं हीं उपकरणें मुख्यतः बोलण्यासाठीं घडविलेलीं असतात. त्यांचीच शिटी वाजूं नये म्हणून त्यांत एक पहारेकरी बसविलेला असतो. लांब, स्थिर स्वर आला कीं त्याला ती आपलीच शिटी वाटते आणि तो तिला मारूं पाहतो. तंबोऱ्यासारखा लांब, स्थिर स्वर दुसरा कोणता? त्यांनीं पहाऱ्यास सुटी देणारी, संगीतासाठीं म्हणून असलेली, वेगळी जुळणी करून दिली. तंबोरा पुष्कळसा परत आला. तरी दादा म्हणत, "पत्र्याच्या डब्यांत ठेवल्यासारखा वाटतो."

त्यांचा तो आलेख आमच्या टेबलावर पडून होता. एके रात्रीं आम्हीं तो चोपडीशेजारीं ठेवून पाहिला, आणि इतकीं वर्षें आपण भलत्याच टोंकाकडून यंत्र निवडीत होतों हें ध्यानांत आलें. पुरुष गवयाचा मध्य षड्ज सुमारें एकशेंतीस-एकशेंचाळीस हर्ट्झ. मंद्रांत उतरला म्हणजे शंभराच्याहि खालीं. दादांच्या आलेखाची शाबूत बाजू तीच होती. ज्या स्वरांसाठीं ते बोट वर करीत, ते स्वर त्यांच्या कानांनीं सोडलेले नव्हते. पुतण्याचा तो मुठीएवढा स्पीकरच तेथवर पोंचत नव्हता. हवें होतें तें चाळीस हजारांपर्यंत जाणारें यंत्र नव्हे. मोठ्या पडद्याचा, खालचा स्वर न ओरडतां भरून देणारा स्पीकर हवा होता. शिवाय तबकडी १९६० सालची, मोनो. दोन्ही स्पीकरांतून एकच गाणें यावयाचें! त्या एका खुर्चीचा आणि त्रिकोणाचा तिच्याशीं कांहीं संबंधच नव्हता. आमच्या संग्रहांतल्या अर्ध्याअधिक तबकड्या तशाच आहेत. कोणीहि कोठेंहि बसावें.

दादरच्या पारशी कॉलनींतले एक वृद्ध गृहस्थ मुलीकडे कायमचे राहावयास निघाले होते. त्यांच्याकडून १९७०च्या सुमाराचे, बारा इंची पडद्याचे टॅनॉय स्पीकर मिळाले. या इंग्रजी स्पीकरांत वरच्या स्वरांचा कर्णा मोठ्या पडद्याच्या मध्यभागींच बसविलेला असतो, त्यामुळें सारा स्वर एकाच ठिकाणाहून निघतो. पडद्यांच्या कडा कागदी म्हणून इतकीं वर्षें टिकल्या. फोमाच्या असत्या तर कधींच झडून गेल्या असत्या. त्या गृहस्थांनीं एक तास आमचीच परीक्षा घेतली, आणि कोणतें गाणें ऐकतां हें समजल्यावर किंमत थोडी उतरविली. टेंपोंत चढवितांना लांकडावर हात फिरवून म्हणाले, "भिंतीला टेकवूं नका हां." टर्नटेबल आणि साधासा पन्नास वॉटचा अँप्लिफायर पुण्यासच घेतला. मॅकिंटॉशचे निळे कांटे चोपडींतच राहिले. ते आम्हांस अजून आवडतात, हें येथें कबूल केलेलें बरें.

दोन स्पीकरांपैकीं एक देवघराच्या अलीकडे उभा राहिला. दुसरा कोठें ठेवावा याचा निर्णय वहिनींनीं केला: दादांच्या आरामखुर्चीच्या उजव्या हाताला, अगदीं जवळ. कोणत्याहि पुस्तकांत अशी मांडणी दिलेली नाहीं.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं जुनीच तबकडी काढली. तिच्यावर पन्नास वर्षांचे ओरखडे आहेत. धुऊन घेतली तरी कढईंत मोहरी तडतडावी तशी ती तडतडते. सूनबाई मुलाला थोपटीत सोफ्याच्या कडेवर बसल्या. दिवा कोणीं मालविला तें कळलें नाहीं. तंबोरा सुरू झाला, तशीं दादांनीं दोन्ही कानांतलीं उपकरणें काढून वहिनींच्या हातांत दिलीं. आमच्या पोटांत धस्स झालें. "दादा, तीं असूं द्या," असें आम्ही म्हणालोंहि. पण आतां त्यांना आमचें ऐकूं येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनीं उजवा हात स्पीकरच्या लांकडावर ठेवला होता.

खाँसाहेब खालीं उतरूं लागले. गांधार हलत हलत ऋषभाकडे आला, मग त्याहूनहि खालीं गेला. आम्ही गाण्याकडे पाहत नव्हतों, दादांच्या डाव्या हाताकडे पाहत होतों. पुष्कळ वेळ तो हात मांडीवर नुसता पडून होता. मग एक बोट वर झालें.

बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेंत फिरत राहिली. कोणी बोललें नाहीं. मूल झोंपलें होतें. दादांनीं लांकडावरचा हात काढला, डोळे उघडले, आणि कानांत उपकरण नसलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजांत म्हणाले, "मारवा आतां लावूं नकोस. त्याची वेळ टळली. उद्यां संध्याकाळीं, दिवे लागायच्या सुमारास लाव."

त्या आवाजानें मूल जागें झालें.