घरचा भेदी

बँकेच्या काउंटरवर गेली 19 वर्षं मी लोकांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगत आलोय : ओटीपी कुणाला देऊ नका, जन्मतारीख कुणाला सांगू नका, समोरचा स्वतःला मोठा साहेब म्हणवत असला तरी नाही. आणि संध्याकाळी घरी येऊन लेकीचे फोटो फेसबुकवर टाकत आलोय. या दोन्हींत काही विसंगती आहे, असं मला कधी वाटलं नाही.

धाकट्या बहिणीला वाटायचं. "दादा, गणवेशावरचा बिल्ला वाचता येतोय बघ," असं ती म्हणायची आणि मी हसायचो. आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय? आमची पोरगी अशी कोण लागून गेली, तिच्यावर कोण पाळत ठेवणार? शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांची नावं चौकाचौकात फ्लेक्सवर झळकतातच की! हे मी मनापासून म्हणायचो, आणि जरा ऐटीतही.

दिवाळीच्या सुट्टीत लेक बुद्धिबळाच्या एका स्पर्धेचा निकाल शोधत होती. तिनं सहज स्वतःचं नाव टाकलं आणि हाक मारली, "बाबा, मी किती ठिकाणी आहे इथे!" तिला गंमत वाटली. मलाही वाटली. रात्री ती झोपल्यावर मात्र मी वही घेऊन पुन्हा बसलो. परक्याला काय दिसतं ते पाहायचं म्हणून आधी माझ्या खात्यातून बाहेर पडलो. तिचं नाव अवतरणचिन्हांत घालून शोधलं. मग नावासोबत शहर, शाळा, इंग्रजी स्पेलिंगचे दोन प्रकार. शेवटी तिचा फोटोच शोधायला दिला.

स्पर्धेच्या याद्यांत नाव, गाव, क्रमांक. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या पानावर जन्मवर्ष. शाळेची एक पीडीएफ. वहीत चार ओळी झाल्या. मी रागवायच्या तयारीनंच बसलो होतो, शाळेला लिहायच्या पत्राचा मायनाही मनात तयार होता. पण वहीची पुढची दोन पानं भरली ती माझ्याच मजकुरानं. 'आज आमची चिमणी 8 वर्षांची!' म्हणजे तारीख आणि वर्ष, दोन्ही आलं. बारशाच्या फोटोखाली तिच्या आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट. वास्तुशांतीच्या फोटोत मागे इमारतीची पाटी. आणि एक तक्रार : दर मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहाला क्लास सुटतो, मुलं अंधारात रस्त्यावर उभी असतात, महापालिकेनं तिथे दिवे लावावेत. जागरूक नागरिक म्हणून या पोस्टचा मला फार अभिमान होता. त्या रात्री ती वाचताना पोटात गोळा आला.

सुटं सुटं पाहिलं तर यातल्या एकाही गोष्टीत वावगं काही नाही. पण मी बँकेतला माणूस. फोनवर ग्राहकाची ओळख पटवायला आम्ही जन्मतारीख विचारतो, आईचं नाव विचारतो. दहावीचा ऑनलाइन निकालसुद्धा बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकल्यावर उघडतो. लेकीच्या आयुष्यातली कुलपं अजून लागायची होती आणि किल्ल्या मी आधीच वाटून बसलो होतो.

2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा चाळला. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर आईवडिलांची संमती घ्यावी, असं त्यात म्हटलंय. पहारेकरी म्हणून नेमका मलाच उभा केलाय! अल्पवयीन मुलांचे फोटो शोधनिकालांतून काढावेत, अशी विनंती गूगलकडे करता येते. तशा दोन केल्या. अर्थात निकालांतून गेलं तरी मूळ पानावर ते राहतंच, तिथल्या माणसाला वेगळं गाठावं लागतं. स्पर्धांच्या याद्यांना मी हात लावणार नाही. खेळली, जिंकली, तर नाव येणारच, आणि यावंच.

माझे फोटो काढायला मात्र लेकीला शेजारी घेऊन बसलो. वाटलं होतं, बिल्ला, पाटी असलं दाखवून तिला चार गोष्टी शिकवाव्यात. एका फोटोवर तिनं माझा हात थांबवला. दोन वर्षांपूर्वी डाव हरल्यावर रडतानाचा. खाली मी कौतुकानं लिहिलं होतं, 'हरल्याशिवाय जिंकता येत नाही.'

"हा वर्गात सगळ्यांनी पाहिलाय," ती म्हणाली. "तेव्हा मला खूप चिडवायचे."

दोन वर्षं ती हे माझ्याशी बोलली नव्हती. मी कुठल्या तरी अनोळखी चोराची भीती घालून घेत होतो.

दोन रविवार लागले. झाल्यावर बहिणीला फोन केला, तुझं खरं होतं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "दादा, ते ठीक आहे, पण आईच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला आज पुन्हा तोच बिल्ला आहे."

आईला स्टेटस ठेवायला मीच शिकवलं होतं.