इंजिनाचे तास

बोट आहे असं कळलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ मोटरसायकलवर वाढलेल्या समाजात तो येणारच. पण काही वर्षं मुंबई बंदरात भागीदारीतली एक बोट सांभाळल्यावर मला वाटतं, हौसेच्या बोटीबद्दल याहून निरुपयोगी प्रश्न नसेल. उत्तर द्यायला हरकत नाही. पंचवीस फुटी फायबरची बोट आणि मागे 150 अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड असेल, तर पेट्रोल किलोमीटरवर नाही, तासावर मोजायचं: मध्यम वेगाला ताशी 25 ते 30 लिटर, पूर्ण थ्रॉटल दिला तर पन्नासच्या आसपास. गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत साधारण 7 सागरी मैल. वीस नॉटने गेलं तर वीस-बावीस मिनिटं, दहा लिटर पेट्रोल, म्हणजे मुंबईच्या दराने हजार रुपयांच्या थोडं वर. ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात, पण ते भलत्याच आकड्यावर. बोटीच्या सगळ्या खर्चात पेट्रोल हा बहुधा एकच मोठा खर्च असा आहे, जो तुम्ही प्रत्यक्ष समुद्रावर असताना होतो. बाकीचे बोट उभी असताना होतात, आणि त्यांतले बरेचसे ती उभी आहे म्हणूनच होतात.

उभी आहे म्हणजे कुठे, इथून सुरुवात करावी लागते. कोचीला बोलगट्टीजवळ मरिना आहे. तरंगत्या धक्क्याला बोट बांधायची, पाण्याचा नळ आणि विजेचा खांब शेजारी. मुंबईत मरिनाचे प्रस्ताव बरीच वर्षं चर्चेत आहेत, पण हौशी बोटी अजून गेटवेसमोरच्या उघड्या पाण्यात बोयाला बांधलेल्या असतात. बोयाखाली साखळी, साखळीखाली चिखलात रुतलेला जड ठोकळा. उधाणाच्या दिवशी इथे पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं, दिवसातून दोनदा. त्या प्रत्येक फेऱ्यात साखळीच्या कड्या एकमेकींवर घासतात, म्हणून पाणबुड्या उतरवून ती तपासायची आणि झिजलेला भाग बदलायचा. बोटीपर्यंत पोहोचायला छोटी डिंगी लागते, डिंगी वल्हवायला खलाशी लागतो. खलाशाचं खरं काम मात्र तुम्हाला पोहोचवणं नाही, तुम्ही नसताना बोटीवर लक्ष ठेवणं हे आहे. तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप बॅटरीवर चालतो. बॅटरी बसली, त्यात अवेळी मोठा पाऊस आला आणि कोणी फिरकलं नाही, तर चांगली बोटही बोयाला बांधलेल्या अवस्थेतच खाली बसू शकते. त्यामुळे बोयाची जागा बारा महिन्यांची, माणसाचा पगार बारा महिन्यांचा. आणि समुद्र मात्र तुमच्या वाट्याला नऊच महिने येतो.

कारण पावसाळा. जून ते ऑगस्ट गेटवे-मांडवा फेऱ्याही बंद असतात. हौशी बोटीने तेव्हा बाहेर पडण्याचा विषयच नाही. मेच्या शेवटी बोट क्रेनने किंवा ट्रॉलीवर वर काढायची, यार्डात तीन-चार महिने जागा घ्यायची, ताडपत्री टाकायची. वर काढली की तळ दिसतो, आणि तो बघवत नाही. शेवाळ, शिंपले, चिकटलेले बार्नकल. ते खरवडायचं, घासायचं, तांब्याचा अंश असलेला अँटिफाउलिंग रंग पुन्हा द्यायचा. खाऱ्या पाण्यात धातू एकमेकांना खातात, म्हणून इंजिनाला जस्ताचे बळीचे ठोकळे लावलेले असतात. ते झिजण्यासाठीच असतात, बदलायचे. इथे एक बारकावा आहे. रंगाच्या ज्या थरावर हे जीव सगळ्यात निवांतपणे वाढतात, तो उभ्या बोटीचा असतो. धावणाऱ्या बोटीच्या तळावर पाण्याचा घासा बसत राहतो. म्हणजे दर रविवारी निघणाऱ्या बोटीपेक्षा दिवाळीला आणि नाताळला निघणाऱ्या बोटीचा तळ जास्त मळलेला, आणि कामगारांचे दिवसही जास्त.

आउटबोर्डच्या पुस्तिकेत सर्व्हिसिंगची जी अट असते, ती हाच मुद्दा एका ओळीत मांडते: शंभर तास किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. हौशी मालकाचं नेहमी वर्षच आधी येतं. तेल वीस तास वापरलं काय आणि नव्वद तास वापरलं काय, बदलायचंच. थंड पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र कोरडं पडून पडूनही कडक होतं. संकटात पेटवायच्या फ्लेअरवर मुदत छापलेली असते, साधारण तीन वर्षांची, आणि एकही न पेटवता सगळ्या बदलाव्या लागतात. अर्थात हा खर्च वाया गेल्याबद्दल कोणी तक्रार करू नये. विमा, सर्व्हे, नोंदणी यांतलं काहीही तुम्ही किती वेळा नांगर उचलला हे विचारत नाही.

आता एक हिशेब मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, कारण प्रत्येक बोटीचा आणि जागेचा दर वेगळा. तुम्ही तुमचे घाला. समजा बोय, खलाशी, पावसाळ्याचं यार्ड, रंग, सर्व्हिसिंग आणि विमा धरून वर्षाचा ठोक खर्च सहा लाख रुपये आहे. समजा इंजिन वर्षात साठ तास चाललं. ताशी ठोक खर्च दहा हजार, पेट्रोल 25 लिटरच्या हिशेबाने सव्वीसशे. तीसच तास चाललं तर ठोक खर्च तासाला वीस हजारांवर जातो, पेट्रोल सव्वीसशेच. एकशे वीस तास चाललं तर पाच हजारांवर येतो आणि पेट्रोल पुन्हा सव्वीसशेच. मालक मात्र पेट्रोल वाचवण्यासाठी फेऱ्या कमी करतो, कारण पेट्रोलचं बिल दर वेळी हातात येतं आणि बोयाचं भाडं वर्षातून एकदा. सव्वीसशे वाचवताना उरलेला प्रत्येक तास महाग होत जातो, हे कोणत्याही पावतीवर छापलेलं नसतं.

पेट्रोलचा खर्चही पूर्णपणे निष्पाप नाही, पण त्याचीही मुळं उभं राहण्यातच सापडतात. अशी बोट वेग घेतल्यावर पाण्यावर चढून घसरत जाते. चढण्याआधीच्या पट्ट्यात ती स्वतःच्याच लाटेशी भांडत अंतराच्या मानाने सर्वांत जास्त पेट्रोल पिते. तळ खरबरीत असेल तर ती चढायलाच कुरकुरते. दुसरी गोष्ट नवी आहे. देशभर पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बरीच आउटबोर्ड दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनवलेली आहेत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. दमट बंदरात अर्ध्या भरलेल्या टाकीत ते महिनोन्महिने राहिलं की प्रमाणाबाहेर पाणी शोषतं, आणि मग पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं साचतं, नेमकं जिथून इंजिन इंधन ओढतं तिथे. मग फिल्टर, नळ्या, इंजेक्टर, मेकॅनिक. दर आठवड्याला टाकी रिकामी करणाऱ्या माणसाला ही भानगड फारशी माहीत नसते. बोटीच्या बाबतीत न जाळलेलं पेट्रोल जाळलेल्यापेक्षा महाग पडू शकतं, हे मी शब्दशः म्हणतो आहे.

यावर आक्षेप येतात. शिडाची बोट घ्या, वारा फुकट आहे, असं शिडवाले सांगतात. वारा फुकट आहे हे खरंच, पण शिडाच्या बोटीलाही बोय, साखळी, खलाशी, यार्ड आणि रंग लागतो. शिवाय शिडाचं कापड उन्हाने विरतं आणि तारा-दोरांना मुदत असते. इंधनाचा रकाना शून्य करूनही बेरीज फारशी हलत नाही, म्हणजे हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोळीवाड्यातल्या बोटी कशा परवडतात? परवडतात असं सरसकट म्हणण्याआधी कोळी बांधवांना विचारावं. पण त्यांच्या हिशेबाची रचना वेगळी आहे, हे खरं. 1 जून ते 31 जुलै ही बंदी सोडली तर त्यांची बोट कामावर असते. पावसाळ्यात ती गावच्याच किनाऱ्यावर ओढून शाकारली जाते, ओढायला वाड्यातले हात असतात, दुरुस्ती बरीचशी घरचीच. संस्थेमार्फत मिळणाऱ्या डिझेलवरच्या कराचा परतावा ही सवलत आहेच, पण ती काढून घेतली तरी मुख्य फरक उरतो: त्यांच्या बोटीचा भाजक मोठा आहे. आपण त्यांचा समुद्र वापरतो आणि त्यांचा भाजक मात्र आपल्याकडे नसतो.

ट्रेलरवर ठेवा, घरी न्या, असंही सुचवलं जातं. अमेरिकेत गावोगावी बोट पाण्यात सोडायचे सार्वजनिक उतार आहेत, म्हणून तिथे ही सोय आहे. इथे उतार मोजके, त्यावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक, आणि मुंबईत ट्रेलर उभा करायला जागा मागून पाहा. बोट सतरा-अठरा फुटांपर्यंतची आणि अलिबागेत स्वतःचं आवार असेल, तर मात्र हा खरोखर चांगला सल्ला आहे. बोट मधल्या काळात भाड्याने देऊन खर्च काढू, ही कल्पना प्रत्येक भागीदारीत एकदा तरी निघते. प्रवासी घेतले की परवाना, सर्व्हे, विमा आणि चालकाची पात्रता सगळंच बदलतं. तो हौसेचा उरलेला वेळ विकणं नव्हे, स्वतंत्र धंदा आहे. आणि सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या बोटींवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला, हीच खरी अडचण, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की तो कर एकदाच भरायचा आहे. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला, ही म्हण इथे अपुरी पडते, कारण कोंबडी एकदा येते आणि मसाला दरवर्षी.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात आवडतो: हौसेला मोल नसतं, हिशेब कसला करता? मान्य. मांडव्याकडे जाताना सकाळचं काचेसारखं पाणी असेल तर त्या तासाचे पंधरा हजार झाले तरी मी तक्रार करणार नाही. पण या पैशांतला बराचसा भाग त्या तासाला जातच नाही, तो बोट उभी असते त्या तीनशे दिवसांना जातो, आणि त्या दिवसांत हौस कोणाचीच भागत नाही. म्हणून माझा निर्णय दोन बाजूंनी आहे. बोट लहान घ्या: लांबी दीडपट झाली की आकार तोच ठेवून वजन सव्वातीनपटीच्या पुढे जातं, आणि इंजिन, क्रेन, रंग, साखळी सगळं त्यामागे जातं. आणि ती एकट्याने घेऊ नका. चार जणांत घेतलीत तर भांडणं होतील, तारखांवरून तर नक्की होतील; पण बोट फिरत राहील.

आणि जुनी बोट बघायला गेलात तर रंग, गाद्या, म्युझिक सिस्टीम नंतर पाहा. आधी किल्ली फिरवून इंजिनाच्या तासांचा आकडा वाचा. दहा वर्षांची बोट आणि मीटरवर दीडशे तास, असं दिसलं आणि विकणारा ‘अगदी कमी वापरलेली आहे हो’ असं कौतुकाने म्हणाला, तर किंमत विचारण्याआधी ती वर काढून तळ दाखवायला सांगा.