सहल बाथची, हिशेब सर्वांचा

सहल म्हटली की आपल्या समाजात अजूनही काहींच्या कपाळाला आठी पडते. "समाजाचे एवढे काम पडले असताना मौजमजा कशाला?" लंडन परिसरात राहणाऱ्या आम्हा काही बौद्ध कुटुंबांनी येत्या उन्हाळ्यात शनिवार-रविवार जोडून बाथ या जुन्या शहरी जायचे ठरविले, तेव्हा पहिल्याच बैठकीत हा प्रश्न आला. १४ एप्रिलला किंग हेन्रीज रोडवरच्या बाबासाहेबांच्या घरी आम्ही जातोच, सवड मिळेल तसे हेमेल हेम्पस्टेडजवळच्या अमरावती विहारातही जातो. मग हा जादा खर्च कशापायी?

आमचे म्हणणे साधे होते. आमची माणसे इथे बस चालवतात, वृद्धाश्रमात शुश्रूषा करतात, गोदामात रात्रपाळी करतात. ज्या देशात घाम गाळायचा, तो देश मुलाबाळांसह डोळे उघडे ठेवून पाहणे हेही शिक्षणच आहे. ठराव मंजूर झाला. बी. कॉम. झालेले म्हणून हिशेबाची वही आमच्याकडे आली.

बाथ लंडनपासून सुमारे १८५ किलोमीटर, रेल्वेने दीडेक तास. तिथे जमिनीतून ४६ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर वर येते. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खोल मुरते, पृथ्वीच्या पोटात तापते आणि खडकाच्या भेगांतून उसळून वर येते. रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात इथे देऊळ आणि स्नानगृहे बांधली आणि पाण्याला सुलिस मिनर्व्हा या देवीचे नाव दिले. चोरी झाली की शिशाच्या पत्र्यावर चोराला शाप लिहून तो पत्रा देवीच्या पाण्यात टाकायचा. असे सुमारे १३० पत्रे सापडले आहेत. चोर गुलाम असो की स्वतंत्र, त्याचे वाटोळे होवो, अशा धर्तीचा मजकूर त्यांवर आहे. म्हणजे अंधश्रद्धाही होती आणि गुलामीही. आपल्याकडच्या करणी-भानामतीवर हसणाऱ्यांनी आणि तिला भिणाऱ्यांनी, दोघांनीही हे पत्रे पाहावेत.

बैठकीत एक मावशी होत्या. विदर्भातल्या खेड्यातून लेकीकडे आलेल्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. सगळे ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "बाबू, पाण्यापाशी जायचं हाय ना? मंग आधी इचारून घे, आपल्याले जाऊ देतेत का." तरुण मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. लहानपणी विहिरीपासून लांब उभे राहून, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट पाहिलेली ही बाई. विमानात बसून सात समुद्र ओलांडले, तरी ती विहीर मनातून गेली नव्हती.

मुलांना तेव्हाच सांगितले, की १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावे लागले, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क पायाने चालत जाऊन घ्यावा लागतो.

बाथचे पाणी तरी सर्वांना सारखे होते काय? जुन्या काळी इथे कुष्ठरोग्यांसाठी वेगळे छोटे कुंड होते. पुढे देशभरातल्या गरीब रुग्णांना या पाण्याचा उपचार मिळावा म्हणून १७३८ साली रुग्णालयाची उभारणी सुरू झाली आणि १७४२ साली ते उघडले. पण दाखल होताना अनामत रक्कम ठेवावी लागे. बरा झाला तर परतीच्या भाड्याला, मेला तर मूठमातीला! शहराच्या देखण्या दगडी इमारती पाहताना मुलांनी विचारावे, की हा पैसा आला कोठून? १८२२ साली इथे राहायला आलेल्या विल्यम बेकफर्डची संपत्ती जमैकातील गुलामांच्या कष्टाने पिकणाऱ्या उसाच्या मळ्यांतून आली होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणाऱ्या विल्बरफोर्सचे लग्नही याच शहरात १७९७ साली झाले.

मुलींसाठी आम्ही एक घर मुद्दाम यादीत घातले आहे. विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार. घरीच दुर्बिणीचे आरसे घासून त्याने १७८१ साली इथल्या परसातून युरेनस ग्रह शोधला. त्याला मदत करणारी बहीण कॅरोलिन पुढे स्वतः धूमकेतू शोधू लागली आणि १७८७ पासून राजाकडून तिला पगार मिळाला. त्या घरात आज संग्रहालय आहे.

आता व्यवहाराचे. रोमन स्नानगृहात उतरून आंघोळ करता येत नाही. १९७८ साली पाण्यातील जंतूमुळे एक मुलगी दगावली, तेव्हा जुने स्नान बंद झाले. २००६ साली सुरू झालेल्या नव्या स्नानगृहात शुद्ध पाणी आहे, पण सोळा वर्षांखालील मुलांना तिथल्या मोठ्या कुंडात प्रवेश नाही आणि तिकीटही महाग. काही जण पोहणार, बाकीचे बाहेर पिशव्या सांभाळणार, हे आम्हाला नको होते. म्हणून ते वगळले. गावातले स्वयंसेवक वाटाडे शहर फुकट दाखवतात, बक्षिसीही घेत नाहीत. रोमन स्नानगृहाची तिकिटे गटाने आगाऊ काढायची.

वर्गणी ऐपतीप्रमाणे. कोणी किती दिले हे फक्त वहीला ठाऊक, एकूण जमाखर्च मात्र सर्वांपुढे वाचला जाईल. शनिवारी पोळी-भाजी आणि ठेचा घरून न्यायचा, रविवारचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा. बायकांनी सहलीतही चूलच फुंकायची असेल तर ती सहल कसली?

वाचक बंधुभगिनींनो, तुम्हाला बाथला जायलाच हवे असे नाही. महाड, अजिंठा, कार्ले जवळ आहेत. चार घरे मिळून जा. हिशेब उघडा ठेवा. पैशावाचून एकही घर मागे राहू देऊ नका. मावशींचे नाव आमच्या यादीत पहिले आहे, आणि त्यांच्यासाठी कोणालाही विचारायला आम्ही गेलेलो नाही.

जयभीम!