जागा विचारलीय की किंमत?

जालना,
रविवार दुपार

चि. सोनू,


दादाबरोबर पाठवलेली वही मिळाली, वहीत खुपसलेली चिठ्ठीही मिळाली. ‘सूत्रं तोंडपाठ आहेत, तरी उत्तर पुस्तकाशी जुळत नाही’ ही तुझी तक्रार. वही नीट पाहिली. गुणाकार-भागाकार तुझे चोख आहेत, अक्षर तेवढं बापावर गेलंय. गोम दुसरीकडेच आहे. गणित जागा देऊन किंमत मागतंय की किंमत देऊन जागा मागतंय, हे ठरवायच्या आधीच तू सूत्र लिहून मोकळी होतेस. चतुर्थक असो, दशमक असो की शतमक, हे एवढं पक्कं झालं की बाकी सगळी हमाली आहे.

एक उदाहरण घेऊ. एका महसूल मंडळातल्या अकरा शेतांत सोयाबीनचा एकरी उतारा क्विंटलमध्ये असा आला समज: ६, ३.५, १४, ४, ८, २, ५, १०, २.५, ७, ४. (आकडे मी मनाने धरलेत. दादाला दाखवू नकोस, चौदाच्या आकड्यावरून तासभर वाद घालेल.) वहीतल्या अशाच अकरा आकड्यांच्या गणितात तू थेट (११ + १) ÷ ४ = ३ केलंस आणि पहिलं चतुर्थक ३ लिहून खाली दोन रेघा मारल्यास. अगं, ३ ही जागा झाली! रांगेतला तिसरा. पण रांग लावलीस कुठे? आधी चढत्या क्रमाने मांड: २, २.५, ३.५, ४, ४, ५, ६, ७, ८, १०, १४. आता तिसऱ्या जागेवर कोण उभं आहे ते बघ. ३.५ क्विंटल. हे पहिलं चतुर्थक. मध्यक सहाव्या जागेवर, ५. तिसरं चतुर्थक नवव्या जागेवर, ८. नववं दशमक काढायचं तर जागा येते १०.८, म्हणजे दहावा आणि अकरावा यांच्या मधे. मग दहाव्याचे १० घ्यायचे आणि पुढच्या ४ क्विंटलच्या अंतरातलं ०.८ त्यात मिळवायचं: १३.२.

हेच आकडे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये टाकलेस आणि पहिलं चतुर्थक ३.७५ आलं, तर घाबरू नकोस. क्वार्टाइलचं जुनं फंक्शन जागा वेगळ्या पद्धतीने मोजतं, त्याच्या लेखी ती साडेतीन येते. नावाच्या शेवटी ‘ईएक्ससी’ असलेलं फंक्शन वापर, तुझ्या पुस्तकाचं ३.५ मिळेल. हाइंडमन आणि फॅन या दोघांनी १९९६ साली वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधल्या व्याख्या गोळा केल्या, त्या नऊ निघाल्या! परीक्षेत मात्र पुस्तकाचीच चालते. तिथे शहाणपणा करायचा नाही.

आता या अकरा आकड्यांची सरासरी काढ. ६६ भागिले ११, सहा क्विंटल. असल्या सरासरीशी आपल्या घराचा फार जवळून संबंध आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीक विम्यात उत्पन्नातलं नुकसान तुझ्या-माझ्या शेतावर नाही, महसूल मंडळावर मोजतात. मंडळातल्या प्रमुख पिकाचे किमान दहा पीक कापणी प्रयोग होतात. शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, तोलायचं. या तंत्राला देशात शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत आघाडीवर होते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे. दहा शेतं तोलून अख्ख्या मुलखाचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी चाळीसच्या दशकात दाखवून दिलं. तर या प्रयोगांची सरासरी घेतात आणि उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहतात. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर. समज, पाच वर्षांची सरासरी ८ आणि जोखीमस्तर ७० टक्के, तर उंबरठा ५.६. आपली सरासरी ६. सरासरी उंबरठ्याच्या वर, म्हणजे नुकसान नाही, म्हणजे भरपाई शून्य. अकरातल्या तिघांना साडेतीन क्विंटलच्या वर काही झालेलं नाही, पण चौदावाल्याने सगळ्यांची सरासरी वर ओढून धरलीय. सरासरीच्या जागी मध्यक घेतला असता तर ५ हा आकडा उंबरठ्याखाली गेला असता आणि प्रत्येकाला विमा रकमेच्या जवळपास ११ टक्के मिळाले असते. विमा मिळाला नाही त्या वर्षी दादा ओसरीवर बसून ‘आमचं वावर काय, शेजाऱ्याचं वावर काय’ म्हणून जे चिडला होता, ते हेच. त्याला मी तेव्हा वही काढून हे समजवायला गेले तर आणखी चिडला.

पण दादाची बाजू घेताना एक गोष्ट सांगायला हवी. शेताऐवजी परिसर हे एकक धरायची कल्पना कुणा कारकुनाची नाही. ती वि. म. दांडेकरांची, पुण्याच्या गोखले संस्थेतल्या. १९७६ मध्ये त्यांनी मांडलं की प्रत्येकाचं शेत वेगळं तपासायचं तर खर्च पिकापेक्षा जास्त होईल, शिवाय ज्याने निंदणी-खुरपणीही केली नाही तोही नुकसान मागेल. म्हणून परिसराचं उत्पन्न मोजा. १९७९ ची प्रायोगिक योजना, १९८५ ची सर्वंकष योजना, २०१६ ची प्रधानमंत्री पीक विमा योजना, सगळ्या याच वाटेने गेल्या. मला ही वाट पटते. पटत नाही ते एवढंच, की दहा प्रयोग झाल्यावर लोकांपुढे सरासरीचा एकच आकडा यावा. तो वाटपाला सोयीचा आहे, पण त्यात कोण कुठे उभं आहे ते दिसत नाही. शेजारी पहिलं आणि तिसरं चतुर्थक छापायला कागद किती लागतो? अर्थात दहाच आकड्यांत पहिलं चतुर्थक २.७५ व्या जागेवर येतं, एखादं शेत इकडचं तिकडे झालं तरी हलतं, हेही खरं. मग प्रयोग वाढवा.

गंमत अशी की रांगेची ही भाषा देशाच्या राजकारणात आणणाऱ्यांत हेच दांडेकर पुढे होते. १९७१ च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी आणि नीलकंठ रथांनी भारतातल्या दारिद्र्यावर लेख लिहिले. त्यांनी काय केलं ते तुझ्या गणिताच्या दिशेने बघ. आधी किंमत ठरवली: माणशी रोजच्या २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. मग राष्ट्रीय नमुना पाहणीतली कुटुंबं खर्चाच्या चढत्या क्रमाने लावली आणि विचारलं, या रेघेखाली रांगेचा कितवा भाग येतो? खेड्यात सुमारे ४० टक्के, शहरात सुमारे ५०. किंमत दिली, जागा शोधली. पुढे त्यांनी रांगेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचं साठच्या दशकात काय झालं तेही पाहिलं. देशाची सरासरी थोडी चढली होती, पण शहरातल्या सर्वांत गरीब २० टक्क्यांचा खर्च उलट घटला होता. सरासरी हे कधीच बोलली नसती.

आता उलट दिशा. ‘नीट’ला सर्वसाधारण प्रवर्गाची पात्रता ५० वा पर्सेंटाइल, म्हणजे शतमक, असते. इथे जागा ठरलेली आहे, किंमत म्हणजे गुण मागून ठरतात. पेपर कितीही सोपा काढा, मुलं कितीही अभ्यास करोत, रांगेचा अर्धा भाग त्या जागेच्या मागे राहणारच. ती रेघ ‘किती येतं’ हे मोजतच नाही, ‘कितव्या नंबरावर’ एवढंच मोजते. म्हणून २०२३ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर जागा रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा केंद्राने रेघ थेट शून्य पर्सेंटाइलवर आणून ठेवली. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र! वर्तमानपत्रात ‘शून्य गुणांवर डॉक्टर’ असं छापून आलं, ते जागा आणि किंमत यांची गल्लत करूनच. गुण शून्याच्या खालीही असू शकतात, वजा गुण असतात ना.

सीईटीचंही असंच. परीक्षा बऱ्याच सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून त्या सत्रातल्या किती टक्के मुलांचे गुण तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी आहेत, तेवढं सांगतात. तुझ्या आतेभावाला ८२ पर्सेंटाइल पडले तेव्हा आमच्या गल्लीत त्याला ८२ टक्के मिळाल्याचे पेढे वाटून झाले. मी गप्प बसले. पेढे चांगले होते.

पावसाचंही सांगते, कारण आपल्या जिल्ह्यात त्याच्याशिवाय पत्र पुरं होत नाही. हवामान खातं सरासरीच्या १९ टक्के वर-खाली पाऊस झाला तर ‘सामान्य’ म्हणतं, २० ते ५९ टक्के कमी झाला तर ‘अपुरा’. पण वीस टक्के तूट रत्नागिरीत आणि वीस टक्के तूट मंठ्यात सारखी असते का? कोकणात पाऊस दरवर्षी बराचसा सारखा पडतो, तिथे एवढी तूट क्वचित येते. आपल्याकडे पाऊस मुळातच लहरी, एवढी तूट येतच असते. ऑस्ट्रेलियातल्या गिब्स आणि माहेर यांनी १९६७ मध्ये म्हणून दशमकं वापरली. ज्या त्या ठिकाणची वर्षानुवर्षांची नोंद चढत्या क्रमाने लावायची आणि यंदाचा पाऊस तळाच्या दशमकात पडला का ते बघायचं. म्हणजे इथल्या माणसाला हा दुष्काळ किती दुर्मीळ, ते कळतं. पिकाचा अंदाज मांडणाऱ्या आपल्या पैसेवारीत मात्र ५० पैशांची रेघ सगळ्यांना एकच. २०१२ च्या दुष्काळात अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी टँकरने पाणी घालून जगवल्या, नाही जमलं त्यांनी कुऱ्हाड लावली, तेव्हा तू अजून पाळण्यात होतीस.

मोसंबीवरून वर्गीकृत आकड्यांचं गणित घेऊ, तुझी निम्मी वही त्यातच लाल झालीय. बागेत २०० झाडं. आंबे बहराला झाडागणिक किलोत माल असा: ० ते २० मध्ये २० झाडं, २० ते ४० मध्ये ५०, ४० ते ६० मध्ये ६०, ६० ते ८० मध्ये ४०, ८० ते १०० मध्ये ३०. संचित वारंवारता २०, ७०, १३०, १७०, २००. सातवं दशमक हवंय. जागा: २०० च्या सात दशांश, १४० वं झाड. (इथे अधिक एक करायचं नाही, ते सुट्या आकड्यांना.) १३० च्या पुढे आणि १७० च्या आत, म्हणजे ६० ते ८० चा वर्ग. वर्गात शिरल्यावर १० झाडं चालायची आहेत, वर्गात झाडं ४०, रुंदी २० किलो. ६० अधिक २० चा चौथा हिस्सा, ६५ किलो.

सूत्र हेच सांगतं, पण त्यात एक गृहीत लपलंय: वर्गातली झाडं एकसारख्या अंतराने पसरलीत. खऱ्या बागेत तसं नसतं, बांधाकडची झाडं एकाच वजनाला गोळा होतात. म्हणून ६५ हा अंदाज आहे, वजनकाटा नाही. आणि वर्ग १० ते १९, २० ते २९ असे तुटक दिले असतील, तर आधी ९.५ ते १९.५ असे जोडून घे. तुझी पान अकरावरची तिन्ही गणितं तिथेच घसरलीत.

अजून अडलंस तर ओजाइव्ह, म्हणजे संचित वारंवारतेचा वक्र, काढ. आडव्या अक्षावर किलो, उभ्यावर संचित झाडं, आणि पट्टी हातात घे. जागा दिली असेल तर उभ्या अक्षावरून निघ, वक्राला भिडलीस की खाली उतर. किंमत दिली असेल तर आडव्या अक्षावरून वर चढ, वक्राला भिडलीस की डावीकडे वळ. पेन्सिलीने बाण काढत जा. आलेखाचा कागद घरात नसेल तर चौकटीची वही चालते.

आता तूच सोडव: याच बागेत किती टक्के झाडांना ४५ किलोपेक्षा कमी माल लागलाय? व्यापाऱ्याने ‘तळाची पाव बाग सोडून देतो, वरच्याचा सौदा करू’ म्हटलं, तर किती किलोच्या खालची झाडं सुटतात? दोन्ही प्रश्नांच्या दिशा आधी शब्दांत लिही, मग आकडे. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठव, दादाच्या फोनवरून नको, तो पाठवायला विसरतो.

वहिनीला म्हणावं, चकलीची भाजणी पोचली. आजीच्या गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी,
आत्या