पॅनल गेलं नव्हतं

शुक्रवार, १२ जुलै २०२४
सकाळपासून पावसाने झोडपलंय. खेर्डीहून एका आजींचा नातू ३२ इंची एलईडी चादरीत गुंडाळून घेऊन आला. आवाज येतो, चित्र नाही. एका दुकानात ‘पॅनल गेलं, नवीनच घ्या’ म्हणून सांगितलेलं. बुधवारी आषाढी एकादशी. आजी दरवर्षी पहाटे उठून पंढरपूरची महापूजा बघतात.

सेट चालू केला, दुकानातला दिवा मालवला आणि टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरली. उजेडाच्या गोलात बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा पुसट उमटला. ओठ हलत होते. नातवाला म्हटलं, “ये, तूच बघ.” पॅनल चित्र काढतंय, मागचा उजेड तेवढा गेलाय. एलसीडीला स्वतःचा प्रकाश नसतो. मागे एलईडीच्या पट्ट्या असतात, आणि एका माळेतला एक दिवा तुटला की सगळी माळ अंधारते. पॅनल बदलायचं तर जवळपास नव्या टीव्हीचे पैसे पडतात. म्हणून ‘पॅनल गेलं’ हे शब्द टॉर्च मारल्याशिवाय कुणी तोंडातून काढू नयेत. मुंबईला लॅमिंग्टन रोडला फोन करून पट्ट्या मागवल्या.

शनिवार, १३ जुलै
बाजारपेठेतल्या एका घरी नवा ४३ इंची फोरके, आणि चित्र धुरकट. रिमोटवरून टीव्हीचा मेनू उघडला, तर अक्षरं कोरल्यासारखी स्वच्छ. म्हणजे सेट ठीक. मागे पाहिलं, सेट-टॉप बॉक्सच्या डब्याला लाल-पांढरी-पिवळी वायर. त्या वायरीतून फार तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र येतं आणि पडद्यावर ठिपके असतात ३८४० बाय २१६०, बरोब्बर वीसपट. एचडीएमआय लावली, एचडी चॅनल टाकलं. काका म्हणाले, “अरे, हा तर वेगळाच टीव्ही!” साधी चॅनलं मात्र मऊच दिसणार, तेही सांगून ठेवलं.

सोमवार, १५ जुलै
पट्ट्या आल्या. दुपारी एक सेट आला, उभ्या रंगीत रेघांचा. मेनूवरूनही रेघा तशाच जात होत्या, म्हणजे दोष डब्यात किंवा वायरीत नाही. पॅनलला सिग्नल देणाऱ्या टी-कॉन बोर्डाच्या रिबन काढून पुसून बसवल्या, फरक नाही. काचेच्या कडेला बोटाने हलकं दाबलं की रेघा जायच्या, बोट उचललं की परत. तिथला जोड सुटलाय. रबराचा तुकडा ठासून महिनाभर चालवता येतं, पण मी ते करत नाही. याचं पॅनल खरंच गेलंय, तसं सांगितलं. तपासणीचे पैसे घेववले नाहीत.

मंगळवार, १६ जुलै
आजींचा सेट उघडला. सतरंजीवर पालथा घातला, पाठ काढली. मग पॅनल उचलायचं, आणि इथे मी श्वाससुद्धा जपून घेतो. कडेच्या रिबनना ताण बसला तर चांगलं पॅनल माझ्याच हातून जाईल. बायकोने दुसरी बाजू धरली. खालचे प्लास्टिकचे कागद होते त्याच क्रमाने बाजूला ठेवले. तीन पट्ट्या. टेस्टर एकेका दिव्याला लावत गेलो, मधल्या पट्टीतला चौथा पेटेना. त्याच्यावरचं भिंग उचललं तर पिवळ्या चकतीच्या मध्यात मोहरीएवढा काळा डाग. तिन्ही पट्ट्या बदलल्या, कारण बाकीच्यांनी तेवढीच उष्णता सोसलीय. सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वर होता. दुकानात झगमगाट दिसावा म्हणून ठेवतात, तसाच घरी राहतो. ६० वर आणला. उजेड कमी, तेवढी उष्णता कमी. संध्याकाळी नातू सेट घेऊन गेला.

बुधवार, १७ जुलै
पहाटे अडीचच्या पुढे आजींचा फोन. “बाबा रे, विठ्ठलाचे चौकोन चौकोन होतायत!”

बाहेर धो धो पाऊस. उपग्रहाकडून डिशच्या छत्रीकडे येणाऱ्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या, दाट पाऊस त्या वाटेतच गिळतो. म्हटलं, “आजी, टीव्ही बरा आहे. कशाला हात लावू नका, सर ओसरू द्या.”

दहाएक मिनिटांनी परत फोन. या वेळी आजी बोलल्या नाहीत, रिसीव्हर टीव्हीसमोर धरला होता. टाळ ऐकू येत होते.