मेखेलेनचें दर्शन

ब्रसेल्सच्या उत्तरेस मेखेलेन हें जुनें नगर आहे. १८३५ सालीं बेल्जियमची पहिली आगगाडी ब्रसेल्सहून निघून येथेंच येऊन थांबली. प्रवासी येथील देवालयाचा उत्तुंग मनोरा पाहावयास येतात; आम्हांस मात्र एजिद वाल्शार्ट्स याची जन्मभूमि पाहावयाची होती. रेल्वेच्या कारखान्यांतील या तरुणानें १८४४ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, एंजिनाच्या सिलिंडरांत योग्य क्षणीं वाफ सोडणारी झडपेची रचना शोधून काढिली.

घरीं नातवानें याच रचनेचें एक लहानसें एंजिन केलें होतें. तें पुढें नीट धांवे. मागें जातांना लंगडे. आठ दिवस आम्ही झडपेलाच दोष देत होतों. अखेर कसोटी उमगली: दट्ट्या अगदीं टोकाला असतां दिशा पालटण्याचा दांडा पुढून मागें न्यावा, झडप मुळींच हलतां कामा नये. आमची हलली! चूक झडपेंत नव्हती. तिला चालविणाऱ्या एका दांड्याच्या लांबींत होती. ती सुधारतांच एंजिन दोन्ही दिशांनीं सारखें चालूं लागलें.

मनोऱ्यावरील घंटा ऐकतांना मनांत आलें, शाळेंत आम्हीं किती मुलांना असाच उगाच दोष दिला असेल!